निवड लेझीमची, घरात लेझीम नाही

 आम्ही चारठाण्यातल्या एका बचत गटातल्या अकरा जणी. दर गुरुवारी संध्याकाळी बसतो. हप्ते गोळा होतात, वहीवर सह्या होतात, मग चहा होतो. त्यानंतर जे बोलणं निघतं ते वहीत कुणी लिहीत नाही. आज त्यातलंच सांगणार आहोत. कर्जाचं नाही, शेळ्यांचं नाही, शिलाई मशीनचंही नाही. पोरींच्या लेझीमचं आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. गटातल्या एकीची लेक नववीत गेलेली. ती शाळेतून आली तीच दारातून ओरडत. पंधरा ऑगस्टला या वर्षी मुलींचं लेझीम पथक निघणार, शेवटी मनोरेही करणार, २४ जणी घेणार, महिनाअखेरीला मॅडम निवड करणार. पोरीनं जन्मात लेझीम हातात धरलेली नव्हती. आईनं विचारलं, "पैसे किती लागतील?" पोरगी म्हणाली, "माहीत नाही." आई म्हणाली, "मग राहू दे." तिथंच विषय मिटला.

गुरुवारी ही आई ते हसत हसत सांगू लागली, तेव्हा कळलं की सहा घरांत हेच झालंय. कुठं पैशानं अडलं होतं. कुठं, "साऱ्या गावापुढं उड्या मारणार का?" यावर. एका घरी आजी म्हणाली होती, "भाकरी कोण थापील मग?" खरं सांगायचं तर सहाही घरांतला खरा प्रश्न आजीनंच विचारला होता. पण ते आम्हाला फार नंतर उमगलं. आधी आम्ही पैशाच्याच मागं लागलो.

मधेच एक गंमत सांगतो. त्याच दिवशी एका पोरीनं मोबाइलवर आम्हाला एक चित्रफीत दाखवली. परदेशातल्या मुली, हातात रंगीत झुबके, एकीच्या खांद्यावर दुसरी उभी, वरून उडी मारली की खालच्या चौघी झेलतात. "हे चिअरलीडिंग," ती म्हणाली. आम्हाला ते फक्त क्रिकेटमुळं माहीत. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा सीमारेषेपाशी अशा मुली दिसायच्या आणि घरातले पुरुष एक तर नावं ठेवायचे, नाहीतर टक लावून बघायचे. पण याची सुरुवात पुरुषांनी केलेली आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं १८९८ साली सामन्याला आलेल्या गर्दीकडून तालात घोषणा म्हणवून घेतल्या, तिथून ते सुरू झालं. मुली त्यात बऱ्याच वर्षांनी आल्या. आता तर तो स्वतंत्र खेळच झालाय, २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं त्याला मान्यता दिली. तिकडच्या मुलीही निवडीला जायच्या आधी असंच विचारत असतील, मला येत नाही, पैसे नाहीत, कसं करू?

ती चित्रफीत बघून आमच्यातली एक वयस्क बाई म्हणाली, "मग हे लेझीम-मनोऱ्यासारखंच की." तसंच आहे. सगळ्यांनी एका ठेक्यात हलायचं, दम टिकवायचा, थर लावायचा, आणि तोंडावर त्रास दिसू द्यायचा नाही. लेझीम मुळात तालमीतल्या पैलवानांचा व्यायाम. धनुष्यासारखा दांडा आणि त्याला जड लोखंडी साखळी, ती ओढून ओढून खांदे कमवायचे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. १९८२ साली दिल्लीत एशियाड झालं, त्याच्या उद्घाटनाला सांगलीकडच्या पथकानं लेझीम केली. तेव्हा पोरीनं लेझीम धरली म्हणून कुणी नाक मुरडलं, तर त्याला एवढं ऐकवता येतं. आम्ही ऐकवलं. नाक लगेच सरळ झालं नाही, पण तोंड गप्प बसलं.

तर पैसे. आम्ही तिघी जणी मॅडमना भेटायला गेलो. पहिलं काम हेच करा, बायांनो. घरी बसून ड्रेस, बूट, पट्टा असा हिशेब मांडून घाबरू नका, जाऊन विचारा. मॅडम म्हणाल्या, लेझीम शाळेच्याच आहेत, कपडे शाळेच्या गणवेशाचेच, बूट असले तर घाला. "मग निवडीत बघता काय?" असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते आम्ही परत येताना तोंडपाठ करत आलो. मुलगी ठेका सोडत नाही ना, हे त्या बघतात. दहा मिनिटांत धापा टाकते का, ते बघतात. चुकली तर थांबून हसत बसते की पुढच्या ठेक्याला परत मिळते, ते बघतात. उंची, रंग, दिसणं यातलं त्यांनी काहीच काढलं नाही. "लेझीम कशी करायची ते मी शिकवीन," म्हणाल्या, "ठेका आणि दम तेवढा घरून आणायला सांगा."

ठेका आणि दम घरून आणायचा तर हातात काहीतरी हवंच. नुसते हात हलवून मनगटाला सवय होत नाही. म्हणून आम्ही लेझीम करायला बसलो. खरी लेझीम म्हणजे साधारण दीड फुटाचा लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना अडकवलेली साखळी, साखळीत लोखंडाच्या चकत्या आणि मधे धरायला मूठ. दांडा उजव्या हातात, मूठ डाव्या हातात. आमचा पहिला प्रयत्न सायकलच्या जुन्या चेनचा. सायकल दुरुस्तीवाल्यानं चार चेनी फुकट दिल्या, आम्ही खूश. पण तिला वंगण इतकं की पोरींचे कुडते काळे झाले, आणि कडा लागून एकीच्या बोटाला खरचटलं. चेनी परत केल्या. मग कुऱ्हाडीच्या दांड्याचे जुने तुकडे घेतले, पोरीच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजून कापले, टोकं घासून गुळगुळीत केली. जाड सुतळी दुहेरी करून बांधली. पानपट्टीवरून सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं गोळा केली, दगडानं ठोकून चपटी केली, कडा आत वळवल्या, मधे खिळ्यानं भोक पाडून दोन दोन जोडीनं सुतळीत ओवली. बुचांच्या मागंपुढं गाठ मारायला विसरू नका, नाहीतर सगळी घसरून मधे गोळा होतात. आवाज खऱ्या लेझीमचा येत नाही, छुमछुम न येता खडखड येते. पण ठेका चुकला की लगेच कळतं, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे.

तिचं वजन मात्र फारच कमी. हलक्या लेझीमवर महिनाभर शिकलेल्या पोरीचा हात खऱ्या लेझीमखाली पाच मिनिटांत भरून येतो. हे आमच्या लक्षात आलं दुसऱ्या आठवड्यात, आणि नशीब त्याच सुमाराला निघालं. गावातल्या एका जुन्या मंडळाच्या खोलीत गणपतीच्या मिरवणुकीच्या नऊ लेझीम गंजून पडल्या होत्या. मागितल्यावर मिळाल्या. रॉकेल आता कुठं मिळतंय? ट्रॅक्टरवाल्याकडून वाटीभर डिझेल आणलं, चिंधीनं एकेक कडी पुसली, सहा नीट झाल्या. मुठींना जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या. तुमच्याही गावात कुठल्यातरी खोलीत अशा असणारच, विकत घ्यायच्या आधी विचारा.

इथपर्यंत गटाच्या पेटीतून गेले होते एकशे चाळीस रुपये. सहा पोरींचे मिळून. आम्हाला वाटलं जिंकलो.

पण सराव होईना. पहिल्या आठवड्यात सहापैकी तिघी यायच्या, कधी दोघी. चौकशी केली. जुलै म्हणजे खुरपणीचे दिवस. सोयाबीन, कापूस, तूर, सगळ्यांतच तण. आया सकाळी वावरात जातात त्या सहाला परततात. तोवर शाळेतून आलेल्या पोरीनं झाडलोट, पाणी, शेळ्या, धाकटी लेकरं आणि भाकरी एवढं उरकायचं असतं. नळाला पाणी यायचा दिवस असला तर विचारूच नका. भावाला मात्र क्रिकेटला वेळ असतो, तो कुणी मोजत नाही. पोरीनं दांडा हातात घेतला की हाक येते, "काय करायलीस गं तिकडं?"

आजीनं विचारलं होतं ते हे. सुतळी आणि बुचं फुकट मिळतात, पोरीचा पाऊण तास फुकट मिळत नाही. तो कुणीतरी द्यावा लागतो, आणि देणारी बहुतेक वेळा तिची आईच असते, जी दिवसभर वाकून आलेली असते. त्या गुरुवारी यावर बरीच वादावादी झाली. एक जण स्पष्ट म्हणाली, "मी माझ्या पोरीला सोडीन, पण माझी कमर कोण बघणार?" तिचं चुकलं म्हणायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही.

शेवटी असं ठरलं. रोज संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा पोरींचा वेळ. सहा घरांचं पाणी आणि लहान लेकरं दोन दोन बाया पाळीनं बघतील. ज्यांच्या पोरी शाळेत नाहीत त्याही पाळी घेतील, कारण उद्या त्यांच्या सुनांचं नाहीतर नातींचं काही निघालं तर आम्हीही घेऊच. भाकरी अर्धा तास उशिरा होईल, हे ज्या त्या घरात आईनं आधीच सांगून ठेवायचं. भूक लागल्यावर सांगू नये, त्यानं भांडण होतं. ज्या घरात भाऊ आहे तिथं हंडा भाऊ उचलेल. या शेवटच्या कलमाला सगळ्यात जास्त विरोध झाला, आणि आठवड्यात सगळ्यात जास्त हशाही यावरच झाला. एक भाऊ तर पाणी सांडत सांडत येतो म्हणून गल्लीत प्रसिद्ध झाला. एका घरी बाप तयार होईना. त्याला कुणी समजवायला गेलं नाही. त्याच्या आईला, म्हणजे त्या भाकरीवाल्या आजीला, आम्ही सरावाच्या जागी पाट टाकून बसवलं. म्हटलं, तुम्ही पोरींवर लक्ष ठेवा.

आणि आजीनंच आम्हाला शिकवलं. पोरी हातात लेझीम धरून नुसत्या हिंदकळत होत्या, पाय एकीकडं, हात एकीकडं. आजी म्हणाली, "ते खाली ठेवा. आधी झिम्मा खेळा." पोरी लाजल्या. मग आम्ही बायाच उठलो. झिम्मा, मग फुगडी, बसफुगडी, पिंगा, फेर. पंचमीला आपण जे खेळतो त्यात सगळं आहे, बायांनो. झिम्म्यात समोरचीच्या टाळीवर आपली टाळी पडली पाहिजे, तोच ठेका. फुगडीत पाय जुळवून अंग मागं टाकायचं, तोच तोल. बसफुगडी पाच मिनिटं घातली की मांड्या भरून येतात, लेझीमच्या बैठकीला लागतं ते बळ हेच. फेर धरताना एकीनं पाऊल उचललं की सगळ्यांचं उचलतं, पथक म्हणजे दुसरं काय असतं? आठ दिवस पोरींनी पहिली पंधरा मिनिटं हेच केलं, आणि मग लेझीम हातात घेतल्यावर पाय आपोआप पडू लागले. ज्या पोरीला आपण "हिला काहीच येत नाही" म्हणत होतो, ती पाच वर्षांची असल्यापासून फुगडी घालत होती.

मग खरे प्रकार. मॅडमनी चार-पाच सांगून ठेवले होते. चार आवाज, एक जगह, आदी लगाव, पवित्रा, दो रुख. हुकूम असे हिंदी मिसळलेले येतात, आणि नवख्या पोरी निम्म्या वेळा हातपाय चुकत नाहीत, हुकूम समजायलाच चुकतात. म्हणून रोज एकीनं हुकूम द्यायचा आणि बाकीच्यांनी करायचं, दुसऱ्या दिवशी दुसरीनं. हुकूम देणारीचं पाठ होतं, आवाजही मोकळा होतो. ठेका मोठ्यानं म्हणायचा, एक, दोन, तीन, चार. आणि आमच्या आजीचा एक नियम, चुकलं तर थांबायचं नाही, "एक" परत येईपर्यंत पायांनी नुसता ठेका धरायचा आणि "एक"ला मिळायचं. मॅडमनी सांगितलेलं तेच, पण आजीला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दमाचं सांगतो. सहापैकी दोघी दहा मिनिटांत बसायच्या, तोंड पांढरं व्हायचं. आधी आम्ही आळशी म्हणालो. मग गावातल्या आशाताईंनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली, आतून फिकट. रक्त कमी. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात, ती पोरी तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकत होत्या, कारण मळमळतं आणि शौच काळी होते. शौच काळी झाली तर घाबरायचं कारण नाही, लोहानं ती होतेच. गोळी जेवल्यावर घ्यायची, तिच्या आगंमागं तास-दोन तास चहा घ्यायचा नाही, वरणावर लिंबू पिळायचं. जंताची गोळी चुकवायची नाही. पापणी फारच फिकट दिसली तर दवाखान्यात रक्त तपासून घ्या, नुसत्या अंदाजावर राहू नका. एका महिन्यात रक्त भरून येत नाही, तेव्हा त्या दोघींना आम्ही कमी वेळ नाचवलं, जास्त वेळ हुकूम द्यायला लावलं. खायला काही वेगळं आणलं नाही. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा, सरावाच्या आधी अर्धा तास. घोटभर पाणी अधूनमधून. धावायचं म्हणून दोघीतिघी जुन्या बारवेच्या पायऱ्या चढ-उतर करायच्या म्हणाल्या, ते आम्ही बंद केलं. आपल्या गावची देवळं, बारव, तो उंच दगडी स्तंभ हे मिरवायला आहे, पण पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. घरासमोर जागेवर उड्या मारल्या तरी दम वाढतो.

एवढी काळजी घेऊनही एका ठिकाणी आम्ही चुकलो, आणि ते लपवून हे भाषण करणं बरं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पोरींना मनोऱ्याची घाई झाली. निवडीत मनोरा करायला लावणार नव्हतेच, तो निवडलेल्या पोरींना मॅडम गादीवर शिकवणार होत्या. पण मोबाइलवरची ती चित्रफीत डोक्यात बसलेली. त्या दिवशी पाळी आमच्यातल्या दोघींची होती, आणि आम्ही "बघू तरी" म्हणून बघत बसलो. खाली तिघी गुडघ्या-हातांवर, वर दोघी, आणि सगळ्यात वर ती, जिच्यापासून ही गोष्ट सुरू झाली. अंगण सकाळच्या पावसानं ओलं. वरचीनं मधल्या पोरीच्या पाठीच्या ऐन मधोमध गुडघा टेकला, ती कळवळून खाली बसली, आणि वरची हात टेकून पडली. मनगट. आवाज आम्हाला ऐकू आला.

त्या वेळी एक गोष्ट बरी झाली. कुणीतरी "मालिश करू, ओढून बसवू" म्हणायला लागलं, तेव्हा आशाताई ओरडल्या, हात लावू नका. वही दुमडून हाताखाली धरली, ओढणीनं बांधली, दुसऱ्या ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवली आणि तशीच दवाखान्यात नेली. हाड मोडलं होतं. प्लॅस्टर झालं. मान किंवा पाठ दुखते असं कुणी पडल्यावर म्हणालं, तर तिला उचलूसुद्धा नका, जागेवर झोपू द्या आणि १०८ ला फोन करा, त्या गाडीला पैसे पडत नाहीत.

नंतर मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं ते तुम्हीही ऐका. मनोरा शिकवणाऱ्या माणसाशिवाय आणि गादीशिवाय करायचा नाही. ओल्या जागेवर नाही. बांगड्या, कानातलं, गळ्यातलं काढून. वर चढणारीचा भार खालचीच्या खांद्यांवर आणि कमरेच्या हाडावर, पाठीच्या मधोमध कधीच नाही. चढायच्या आधी उतरायला शिकायचं. खालच्या कुणीही "बास" म्हटलं की सगळ्यांनी उतरायचं, आणि असं म्हणणारीला कुणी हसायचं नाही. दहीहंडीच्या थरावर चौदा वर्षांच्या आतल्या लेकरांना चढवायला राज्यात मनाई आहे, ती उगाच नाही. आम्ही मोठ्या बाया तिथं होतो, आम्हाला हे सुचलं नाही.

त्या पोरीची आई आम्हाला काही बोलली नाही. दोन गुरुवार आलीही नाही. हप्ता पाठवून दिला. तिसऱ्या गुरुवारी आली, चहा घेतला, आणि म्हणाली, "पाळी चालू ठेवा, बाकीच्यांची थांबवू नका." आमच्याच्यानं तिच्याकडं बघवलं नाही.

कपड्यांचं थोडक्यात. ओढणी तिरकी घेऊन कमरेला गाठ आणि खांद्यावर पिन. आतले कपडे नीट बसणारे असावेत, यावर खर्च झाला तर होऊ द्या, सगळ्या यादीत हीच एक गोष्ट विकत घेण्यासारखी आहे. आयांनो, पोरी हे लाजेनं मागत नाहीत, आपणच विचारावं. पाळीच्या दिवसांत उड्या मारू नयेत असं काही नाही, पोट दुखत नसेल तर खुशाल करावं. पथकात जवळ एक जास्तीचं पॅड असू द्यावं, स्वतःसाठी नाहीतर शेजारणीसाठी. बुटांसाठी हळहळू नका. मऊ मातीत अनवाणी सराव होतो, काटेकुटे, काचा तेवढ्या आधी झाडून घ्यायच्या. निवडीच्या दिवशी मात्र नवे बूट घालू नका, चुलतभावाचे मोठे तर नाहीच नाही. आमची एक तशी गेली आणि पहिल्याच फेरीत एक बूट मॅडमच्या पायाशी.

निवडीला पाच जणी गेल्या. जायच्या आधी एवढंच सांगितलं होतं की पहिल्या रांगेत घुसू नका, दुसरीत उभ्या राहा, म्हणजे समोरचीचे पाय दिसतात. आणि मॅडम तुमच्याकडं बघत असल्या तरी तुम्ही ठेक्याकडं बघा. तिघी पथकात आल्या. रक्त कमी असलेल्या दोघींतली एक त्यात आहे, तिचे हुकूम इतके खणखणीत होते की मॅडमनी तिला पुढं उभं केलं. एक राखीवमध्ये. बूटवाली राहिली. ती घरी येऊन खूप रडली, मग दोन दिवसांनी बुचांची लेझीम घेऊन धाकट्या बहिणीला चार आवाज शिकवताना दिसली. तिला विचारलं, पुढच्या वर्षी जाणार का, तर म्हणाली, "बूट नसतील तर जाईन."

पंधरा ऑगस्टला आम्ही अकराही जणी शाळेच्या कुंपणापाशी उभ्या होतो. खुरपणी एक दिवस मागं पडली. प्लॅस्टर घातलेली पोरगी पथकाच्या बाजूला उभी राहून दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका धरत होती. आजीला खुर्ची मिळाली. पोरीच्या बापानं ती आणून ठेवली, आम्ही सांगितलं नव्हतं.

आता सतरा सप्टेंबर येतोय, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंड्यापुढं पुन्हा पथक आहे. प्लॅस्टर निघालंय, पण डॉक्टर म्हणाले अजून जोर द्यायचा नाही, तेव्हा ती यंदा नुसते हुकूम देणार आहे. सोयाबीनची काढणीही जवळ आली, म्हणून पाळीची नवी यादी करावी लागणार, आणि भावांनी या वेळी आधीच कां-कूं सुरू केलीय.

त्या सहा लेझीम सध्या आमच्याकडं आहेत. शाळेच्या पोरींना शाळेतल्या मिळतात, त्यामुळं या मोकळ्याच असतात. आसपासच्या कुठल्या गावातल्या गटाला पोरींच्या सरावासाठी हव्या असतील तर गुरुवारी संध्याकाळी या, महिनाभर घेऊन जा. परत देताना साखळीला तेल लावून द्या, आणि मुठीच्या पट्ट्या सुटल्या असतील तर बांधून.